चौदा फुंकण्या

सोमवार, २६ ऑगस्ट १९६८

आज हजेरीच्या बोर्डाच्या चौकटीला नवा रंग दिला. ही कल्पना माझी, म्हणून रंगही मीच देतो. फाटकातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर तो बोर्ड आहे. प्रत्येक कामगाराच्या नावापुढे महिन्याचे चौकोन. आला तर चौकोन पांढरा, नाही आला तर लाल ठिपका, मग कारण काहीही असो. वर्ष संपतं खंडेनवमीला. कारखान्यात हत्यारांची पूजा झाली की ज्याची ओळ वर्षभर पांढरी त्याला स्टीलची कळशी, वर नाव कोरलेली. सगळ्यात वरचं नाव माझं, साहेबराव ओव्हाळ, कामगार कल्याण अधिकारी. कळशी मी घेत नाही, पण ओळ पांढरी ठेवतो. आधी आपण करावं, मग दुसऱ्याला सांगावं.

खंडेनवमीला पाच आठवडे आहेत. तरी बक्षिसांची यादी आजच पिंपरीच्या बाजारात आबाजी कासाराकडे देऊन आलो. ऐन वेळी तो नावं कोरताना घाई करतो, अक्षरं वाकडी येतात. यादीत नऊ नावं आहेत. पहिलं नाव आतडी खात्यातल्या गिरजाबाईचं, सलग सहावं वर्ष. म्हणजे हा मांसाचा कारखाना निघाल्यापासून तिची ओळ पांढरी आहे.

उद्यापासून वर्तमानपत्रं नीट वाचायची आहेत. हाँगकाँगकडून तापाची साथ निघाली आहे म्हणतात. सत्तावन साली अशीच साथ आली होती. तेव्हा मी खडकीत कारकून होतो आणि आमच्या खोलीतले चारही जण एका वेळी अंथरुणावर होते.

मंगळवार, ३ सप्टेंबर

मुंबईहून आज दुपारी परतलो. कल्याण अधिकाऱ्यांना साथीची माहिती देण्यासाठी दोन दिवसांची सभा होती. सभागृह भरून गेलं होतं, दारात माणसं उभी होती, खिडक्या पावसामुळे बंद. निम्मे लोक खोकत होते. सांगितलं ते उपयोगाचं आहे. फाटकावर प्रत्येकाचा ताप मोजा, तोंडाला मलमलीच्या पट्ट्या बांधा, माणसं अंतरावर बसवा, ताप असेल त्याला घरी पाठवा. आमच्यासारख्या ठिकाणी जास्त जपायला हवं, असं एका डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं. थंड, ओली जागा, खांद्याला खांदा लावून काम, नळाच्या आवाजामुळे एकमेकांच्या तोंडाजवळ जाऊन बोलणं.

मॅनेजरसाहेबांनी सगळं मंजूर केलं. थर्मामीटर सहा आले. घसा थोडा धरला आहे, प्रवासाचा असेल.

बुधवार, ४ सप्टेंबर

आजचा दिवस सविस्तर लिहून ठेवावा असा आहे.

सकाळी तोंडपट्ट्या वाटल्या. कापणी खात्यात काही अडलं नाही, नूरमोहम्मद मिस्त्रींनी आपल्या माणसांना एका शब्दात बांधायला लावल्या. अडलं ते आतडी खात्यात. तिथे चौदा बायका आहेत, सात जोड्या. मेंढ्यांची आतडी खरवडून, धुऊन, मीठ लावून पिंपांत भरतात आणि ती पिंपं परदेशी जातात. आतड्याला भोक आहे का हे बघण्यासाठी एक बाई पितळी फुंकणीनं ते तोंडानं फुगवते, दुसरी त्यावरून हात फिरवत जाते. अशा फुंकण्या चार आहेत आणि त्या हातोहात फिरतात. आता पट्टी बांधून फुंकायचं कसं?

खातूनबी म्हणाली, "साहब, नाकावर पट्टी, तोंडात फुंकणी. मग आम्ही दम काय कानानं घ्यायचा?"

सगळ्या हसल्या. शालनबाई तर पोट धरून. तिला सातवा महिना आहे, हसताना तिला पोट धरावंच लागतं.

मी म्हटलं, फुंकताना पट्टी खाली, फुंकून झालं की वर. तरी कुणी हलेना. मग मीच पट्टी खाली केली, गिरजाबाईच्या हातातली फुंकणी घेतली आणि आतडं फुगवून दाखवलं. तीनदा दाखवलं. बायका हातातलं काम टाकून बघत राहिल्या. सहा वर्षांत एकाही साहेबानं त्या टेबलाला हात लावलेला नाही, फुंकणीला तोंड लावणं दूरच.

फुंकणी परत दिली तशी गिरजाबाई ती घेऊन नळाकडे वळली. मी म्हटलं, "धुता कशाला? माझ्या तोंडाला काय लागलंय?"

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. आणि फुंकणी तशीच ओठांना लावून तिनं पुढचं आतडं फुगवलं, मग ती शालनच्या हातात दिली. शालननंही तशीच घेतली.

गिरजाबाई आमच्याच वस्तीतली. माझी आई आणि ती रस्त्याच्या कामावर एकत्र खडी फोडायच्या. दोघींना पाणी वरून ओंजळीत ओतलं जायचं. चुकून आमचा हात लागलेलं भांडं लोक आमच्यासमोर राखेनं घासायचे, विस्तवावर धरायचे. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, ओढकाम सोडलं, मेलेलं ढोर सोडलं. आणि आज मी आपल्याच बायकांना आतड्याच्या टेबलावर बसवतो, हे मला टोचत नाही असं नाही. पण इथे त्यांना एप्रन आहे, साबण आहे, गरम पाण्याची न्हाणी आहे, आणि ती न्हाणी मी भांडून बांधून घेतली आहे. आज त्यात आणखी एक भर पडली. साहेबाच्या तोंडची फुंकणी कुणी धुतली नाही आणि बायांच्या तोंडची साहेबानं धुतली नाही. आईनं हे बघायला हवं होतं.

शनिवार, ७ सप्टेंबर

नाक वाहतं आहे, अंग मोडून आलं आहे. माझा स्वतःचा ताप नव्व्याण्णव आणि वर चार रेघा. माझी बायको कस्तुरा म्हणाली, "आमच्या शाळेत एवढ्यावर मुलाला घरी पाठवतात."

"मी मूल नाही."

"मूल असता तर ऐकलं असतंत. तुमच्या बोर्डाला आजारपण चालत नाही हेच खरं."

शंभरच्या आत असेल तर ताप धरायचा नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवलं. कामावर गेलो. आतडी खात्यात जास्त वेळ घालवला, अंतर नीट ठेवतात की नाही बघायला. नळाच्या आवाजात जवळ जाऊन बोलावं लागलं. ओळ पांढरी राहिली.

मंगळवार, १० सप्टेंबर

मला बरं वाटतंय. पण साथ कारखान्यात आली. फाटकावर कापणी खात्यातली आठ माणसं तापलेली निघाली. ती सगळी ओळीनं स्वतःहून पुढे आली होती आणि नववे नूरमोहम्मद मिस्त्री. मी त्यांना बाजूला घेतलं.

"मिस्त्री, तुमची ओळ अकरा महिने पांढरी आहे. वीस दिवस राहिलेत."

"ओव्हाळसाहेब, कळशा घरात दोन हायत. छाती एकच हाय."

"ताप तरी किती, शंभर."

"शंभर तर शंभर. मी उभा राहिलो तर माझी सगळी माणसं उभी राहतील. उस्ताद हाय म्हणून."

जाताना त्यांनी आणखी एक सांगितलं. कातडं सोलताना दोन्ही हात लागतात, म्हणून सुरी दातांत धरायची त्यांच्या माणसांची पिढ्यांची सवय. ती त्यांनी खात्यात पाच दिवसांपूर्वीच बंद केली. एकाची सुरी दुसऱ्याला हवी असेल तर आधी उकळत्या पाण्यातून काढायची. चांगली पद्धत आहे, नोंद केली. बोर्डावर मात्र नऊ लाल ठिपके द्यावे लागले. ब्रश हातात जड झाला.

बुधवार, ११ सप्टेंबर

कापणीत आणखी सहा, डबे भरण्याच्या खात्यात चार, ऑफिसात दोन. आतडी खात्यात एकही नाही. चौदाच्या चौदा हजर. फाटकावर एकीचाही ताप अठ्ठ्याण्णवच्या वर नाही, बऱ्याच जणींचा तर पंचाण्णव-शहाण्णव. मॅनेजरसाहेब बोर्डापुढे थांबून म्हणाले, "ओव्हाळ, तुमच्या बायांनी लाज राखली." 'तुमच्या' म्हणताना त्यांच्या मनात काय होतं कुणास ठाऊक, पण मला बरं वाटलं हे कबूल करतो. मी जाऊन खात्यात तसं सांगितलंही. बायका खाली बघून काम करत राहिल्या.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

शीतगृहाचे सोपानराव तक्रार घेऊन आले. रोज सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी टोपलीभर बर्फ कमी होतो.

"खातंय कोण एवढा?"

"उकाडा आहे. कुणी प्यायच्या पाण्यात टाकत असेल."

"सकाळी सातला उकाडा, साहेब?"

थर्मामीटरचंही काहीतरी बिघडलं आहे. गिरजाबाईचा आज चौऱ्याण्णव दाखवला. पुण्याच्या दुकानाला पत्र लिहिलं की माल सदोष आहे, बदलून द्यावा. तिचे ओठ निळसर दिसले, विचारलं तर म्हणाली, गार पाण्यात काम हाय. हातमोजे मागवायला हवेत, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

सोमवार, १६ सप्टेंबर

शालन पडली.

साडेनऊला खातूनबी धावत ऑफिसात आली. मी पोचलो तेव्हा शालन ओल्या फरशीवर होती, गिरजाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. कपाळाला हात लावला तर तव्यासारखं. फाटकावर सकाळी तिच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवून ताप मीच मोजला होता, शहाण्णव. मी खिशातला थर्मामीटर तिच्या काखेत लावला. एकशे तीन आणि सहा रेघा.

"हा मोडलेलाच आहे," मी म्हटलं.

"साहब," खातूनबी म्हणाली, "तुमची काच खोटी नाही. आम्ही खोट्या."

गिरजाबाई म्हणाली, "खातूनबी, गप."

"कशाला गप? पोरगी जाईल. साहब, फाटकाच्या आधी आम्ही बर्फ तोंडात धरतो. जिभेखाली. आठवडा झाला. चौदात दहा जणी तापलेल्या आहेत."

कंपनीच्या गाडीतून शालनला पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं, खातूनबी बरोबर गेली. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया धरला आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मूल तूर्त जिवंत आहे. दोघांचं आत्ताच काही सांगता येणार नाही.

मला आज एवढंच लिहिता येतंय.

मंगळवार, १७ सप्टेंबर

सकाळी वस्तीत गिरजाबाईकडे गेलो. ती घोंगडी पांघरून बसली होती. मागच्या फळीवर पाच भांडी ओळीनं, पाचांवर आबाजीनं कोरलेलं तिचं नाव. मी रागातच होतो.

"कळशीसाठी एवढं केलंत?"

"बसा आधी. हितं तुमी साहेब न्हाई. तुमची आई माझी मैतरीण व्हती." मग खोकला आवरून म्हणाली, "पाच हायत की घरात. सहावी कुठं ठिवू, डोक्यावर?"

"मग?"

"त्यो मॅनेजर बोर्डाफुडं उभा ऱ्हातो. समद्या खात्यात लाल ठिपकं. आमचं पांढरं ऱ्हायलं तर म्हनंल, ओव्हाळाचं काम चोख. लाल झालं तर म्हनंल, बघा, ह्यांची मानसं अशीच. आपल्यातला पैला मानूस तिथं खुर्चीवर बसलाय. आमी काय त्याची खुर्ची वडायची व्हय?"

मला ते पटलं नाही. माणसं बक्षिसाच्या मोहाला मोठं नाव देतात, असं वाटलं. तिला तसं बोललोही. ती हसली फक्त. "बरं, तसं म्हना," म्हणाली.

परत येताना वाटेभर विचार करत होतो. ज्या खात्यात लाल ठिपका नव्हता म्हणून मी मिरवलं, त्या खात्यात दहा बायका तापानं फणफणत उभ्या होत्या. पिंपांतलं आतडं किती रुंद, कुठे भोक, हे त्या तापात बघत होत्या. आणि मी ठिपके मोजत होतो.

बुधवार, १८ सप्टेंबर

मॅनेजरसाहेबांना सांगितलं, आतडी खातं आठ दिवस बंद ठेवा.

"ओव्हाळ, तीस पिंपं महिनाअखेर मुंबईच्या गोदीत हवीत. जहाज तुमच्या बायांसाठी थांबत नाही."

"साहेब, उरलेल्या चार बायकाही आज ना उद्या पडतील. एक आधीच दवाखान्यात आहे, दोन जिवांची."

"बघू."

मी ऑफिसात येऊन एक कागद लिहिला. 'आतडी खात्यात संसर्ग पसरला असून खातं आठ दिवस बंद ठेवावं व सर्व चौदा जणींना पूर्ण पगारी विश्रांती द्यावी, असं माझं व डॉक्टरांचं मत आहे. खातं चालू ठेवायचं असल्यास त्याचं कारण आपण खाली लिहून सही करावी.' आमच्या डॉक्टरांनी सही केली. ते आठवड्यातून दोनदा येतात आणि आज त्यांचा वार होता, हे नशीब. कागद मॅनेजरसाहेबांपुढे ठेवला.

"तुम्ही मला लिहायला लावताय," ते म्हणाले.

"होय, साहेब."

खालची जागा त्यांनी बराच वेळ बघितली. खुर्ची जाईल हे मला दिसत होतं. पण एक गंमत लिहून ठेवतो. त्या क्षणी मला खुर्चीचं काही वाटलं नाही. साहेबांनी कागद घडी करून खणात टाकला. "आठ दिवस. नववा नाही. आणि पिंपं तुम्ही कशी भरणार ते तुम्ही बघा."

गुरुवार, १९ सप्टेंबर

पिंपं भरायला नूरमोहम्मद मिस्त्री आले. ते धरून पहिले नऊही जण बरे होऊन परतले आहेत. एकदा ताप येऊन गेलेल्याला लगेच पुन्हा येत नाही, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मी त्यांनाच विचारलं होतं. मला वाटलं होतं नाही म्हणतील. सुरी चालवणारा माणूस आतड्याच्या टेबलावर बसत नाही, ते काम खालचं मानतात.

मिस्त्री स्टुलावर बसले आणि खरवडणी हातात उलटी धरली. त्यांचा एक माणूस हसला.

"हस, हस," मिस्त्री म्हणाले. "संध्याकाळपर्यंत तू पण शिकशील. गिरजाबाई परत आल्यावर तिनं एक जुडी जरी परत टाकली ना, तर तुझं तोंड बघणार नाही मी."

फुगवायचं काम मी बंद ठेवलं आहे. फक्त खरवडणं आणि मीठ.

रविवार, २२ सप्टेंबर

दवाखान्यात गेलो. शालनचा ताप उतरला. भिंतीला टेकून बसली होती, चेहरा एवढासा झालाय. माझ्याकडे बघून पदर सारखा करायला लागली.

"हलतंय का?" मी विचारलं. असं विचारावं की नाही कळत नव्हतं.

"कालपास्नं लाथा मारतंय. खातूनबी म्हनती, ह्ये बर्फाचा बदला घेतंय."

खातूनबी कोपऱ्यात संत्र सोलत होती. "मग? सात दिवस गारठवलं त्याला."

बाहेर येऊन जिन्यात बसलो. तिथे जाणारे येणारे बघत होते, तरी उठवेना.

बुधवार, २५ सप्टेंबर

खात्यात साथ शिरली कशी याचा अहवाल लिहायला ही वही उघडली. तारखा जुळवायच्या होत्या. बायकांनी सांगितलं तसं पहिला ताप गिरजाबाईला, शुक्रवारी ६ तारखेला. मग शनिवारी शालनला, कणकण, अंगावर काढलेली. म्हणजे दोन-तीन दिवस मागे जायचं.

४ सप्टेंबरचं पान वाचलं.

मी ते स्वतः लिहिलं होतं आणि वाचलं नव्हतं. मुंबईहून घसा धरून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी तीनदा फुंकलं. ती धुवायला निघाली होती. मीच धुवू दिली नाही. आणि तेवढ्यावर मी एक पान अभिमानाचं लिहिलं. मग ७ तारीख, नव्व्याण्णव आणि चार रेघा, पांढरी ओळ.

निश्चित असं कुणी सांगू शकणार नाही. शेजारच्या सूत गिरणीतला कुणी, बाजारातला कुणी, कुठूनही आलं असेल, असं अहवालात लिहिता येईल. डॉक्टरही तसंच म्हणाले. पण मी तसं लिहिलं नाही. जे झालं ते तारखेनुसार लिहिलं आणि सही केली. कस्तुराला वाचून दाखवलं. तिनं दुधात हळद घालून दिली, ताप कधीच गेला असताना.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

बायका परत आल्या, शालन सोडून. ती आता बाळ घेऊनच यायची. आबाजी कासार चौदा नव्या फुंकण्या आणि कोरायचं सामान घेऊन खात्यात बसला होता. आता एकीची फुंकणी दुसरीनं घ्यायची नाही. रोज सकाळी उकळायच्या.

आबाजीनं पहिली उचलली. "नाव?"

खातूनबी म्हणाली, "नाव कोरून काय करू? मला कुठं वाचता येतं. चाँद काढ."

मग प्रत्येकीला खूण हवी झाली. कुणाला तुळस, कुणाला विंचू, एकीला सासऱ्याची बैलगाडी. आबाजी म्हणाला, बैलगाडी फुंकणीवर मावत नाही, चाक देतो. शालनची खूण काय ठेवावी यावर दहा मिनिटं वाद झाला, शेवटी पाळणा ठरला. गिरजाबाईनं मात्र नावच घातलं. "मला येतं वाचता. रातच्या शाळंत तुमीच शिकवलंय, इसरला?"

मी विसरलो होतो.

सोमवार, ३० सप्टेंबर, खंडेनवमी

सकाळी सगळ्या खात्यांची हत्यारं अंगणात मांडली होती. सुऱ्या, कोयते, खरवडण्या, काटे. ज्यांना पूजा करायची त्यांनी केली, आम्ही बाजूला उभे राहिलो, मिस्त्री आणि त्यांची माणसंही. दरवर्षी आतडी खात्यातलं काही मांडत नाहीत. या वर्षी कुणीतरी चौदा फुंकण्या ओळीनं ठेवल्या होत्या. कुणी ठेवल्या मी विचारलं नाही.

मग मी बोर्डापुढे उभा राहिलो. सांगितलं, की यापुढे कळशी पांढऱ्या ओळीला नाही. ताप आल्याचं पहिल्या दिवशी जो स्वतः येऊन सांगेल, त्याला. त्या हिशेबानं यंदाचं पहिलं बक्षीस नूरमोहम्मद मिस्त्रींचं. ते पुढे येताना म्हणाले, "म्हणजे तिसरी आलीच शेवटी," आणि सगळं अंगण हसलं.

मग लाल रंगाचा डबा घेतला आणि सगळ्यात वरच्या ओळीत, माझ्या नावापुढे, चार, पाच, सहा आणि सात सप्टेंबरच्या चौकोनांत चार ठिपके दिले. का दिले ते सांगितलं. मुंबईची सभा, फुंकणी, न धुतलेली फुंकणी, सगळं. मॅनेजरसाहेब चष्मा पुसत होते. दोनशे माणसांपुढे मी एवढा उघडा कधी पडलो नव्हतो.

गिरजाबाई पुढच्याच रांगेत होती. म्हणाली, "आमाला ठावं व्हतं."

"केव्हापासून?"

"तवापास्नंच. तुमचा आवाज बसला व्हता. नळी गरम लागली ओठाला."

"मग धुतली का नाही?"

"तुमी न्हाई म्हनला म्हनून न्हवं," ती म्हणाली. "आपल्या मागं भांडं धुताना मी जलमभर बघितलंय. तुमच्या आईच्या मागं बघितलंय. तुमच्या मागं मी नळी धुवू?"

मी लाल रंगाच्या डब्याचं झाकण लावलं.

समारंभानंतर एक प्रश्न उरला होता. जुन्या यादीप्रमाणे आबाजीनं आधीच नऊ नावं कोरून ठेवली होती, त्यात गिरजाबाईची कळशी. आता ती नियमात बसत नाही आणि नाव घातलेलं भांडं दुसऱ्या कुणाला देता येत नाही. तिला विचारलं. तिनं कळशी उचलली, उलटीसुलटी करून बघितली, आणि खात्यात नेऊन स्टोव्हवर ठेवली. पाणी भरलं. चौदा फुंकण्या त्यात सोडल्या. चंद्र, चाक, विंचू, पाळणा.

चहा आला. खात्यात कप मोजकेच आहेत. गिरजाबाईनं एक कप घेतला, कळशीतलं उकळतं पाणी ओतून धुतला, मग चहा ओतून माझ्या हातात दिला. मी टेबलाशी उभा राहून प्यायलो. कप परत दिला. तिनं तो माझ्यासमोर, माझ्याकडे सरळ बघत, पुन्हा उकळत्या पाण्यानं धुतला, आतून आणि बाहेरून, मग त्यात चहा ओतला आणि स्वतः प्यायली.

माझ्या मागे कुणीतरी भांडं धुतलं आणि माझी मान ताठ राहिली, असं आज पहिल्यांदा झालं.